तळ्याची दुपारची झोप

१४ जून, शुक्रवार

आज सकाळी दीड मीटर खोलीवर तीस अंश भरले. मागच्या वर्षी याच सुमारास चौतीस होते. कचेरीच्या तक्त्यात मी आकडा लिहिला आणि सही केली. तिथे काळजीसाठी रकाना नाही, म्हणून ही वही.

संचालक बेंको मार्चमध्ये शहरातल्या एका मोठ्या हॉटेलातून आमच्याकडे आले. माणूस वाईट नाही, पण तळं म्हणजे त्यांना पोहण्याचा हौद वाटतो. "किंगाबाई, हीटर बिघडला की काय?" असं त्यांनी हसत विचारलं. मी पुन्हा एकदा सगळं समजावलं. खालचं मिठाचं पाणी उन्हाने तापतं. त्यावर ओढ्याच्या गोड्या पाण्याचा पातळ थर असतो, तो ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. गावात त्या थराला रजई म्हणतात. पोहणारे दिवसभर ती विस्कटतात, म्हणून दुपारी एक ते तीन तळ्यात कोणी उतरायचं नाही. तेवढ्या वेळात ती आपोआप सारखी होते.

"मग झोपतंय ना ते नीट?"

"दोन्ही तास. त्या वेळात मी स्वतःसुद्धा काठावर जात नाही. वरच्या प्रयोगशाळेत बसते. माझी होडीही बांधलेली असते."

हे सांगताना मला अभिमान वाटला, हेही लिहून ठेवलेलं बरं.

जाताना ते म्हणाले, सत्तावीसच्या खाली गेलं तर तळं या वर्षापुरतं बंद. उबदार तळं अशी जाहिरात करून लोकांना गारठवणार नाही. त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येईना.

संध्याकाळी नवऱ्याचा, लोरांदचा फोन आला. जर्मनीत छपरं घालतोय, हे सातवं वर्ष. आमच्या वरच्या मजल्यावरच्या तीन खोल्या तयार झाल्यात. ऑक्टोबरमध्ये त्याने कायमचं परत यायचं आणि आम्ही पाहुणे ठेवायचे असं ठरलंय. तळंच बंद पडलं तर पाहुणे येणार कशाला? "पाणी कसं आहे?" असं त्याने विचारलं. "ठीक आहे," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. खरं होतं असंही नाही.

१७ जून, सोमवार

सासूबाईंनी नवीन नेम धरलाय. रोज एक वाजता बेर्ता नेनीकडे बायका जमून जपमाळ म्हणणार. बेर्ता नेनी म्हणजे तळ्याच्या फाटकावर बसणाऱ्या देनेश बाचीची बायको. (गावात वडीलधाऱ्या बाईला नेनी म्हणतात, पुरुषाला बाची.) तिची आणि सासूबाईंची शाळेपासूनची मैत्री. मला बरं वाटलं. कंबरेचं दुखणं सुरू झाल्यापासून सासूबाई घराबाहेर पडतच नव्हत्या.

तीननंतर परतल्या तेव्हा चेहरा लालबुंद होता. जेवल्या भरपूर. मग पाचपर्यंत झोपल्या.

एक गोष्ट खटकली. घेवड्याच्या सूपमध्ये त्यांनी मीठच घातलं नव्हतं. मी तसं म्हणाले तर म्हणतात, "खारट लागतंय की मला." मिठाच्या गावात जन्म गेला, आणि आता चव कळेना?

२३ जून, रविवार

त्या दिवशीचं सूप ही एकदाची चूक नव्हती. आठवडाभर सगळं अळणी. आणि रोज तोच लाल चेहरा, तीच झोप. काल तर जिन्याखाली उभ्या राहून गाणं गुणगुणत होत्या. मी या घरात आल्यापासून सासूबाईंना गाताना ऐकलेलं नाही.

मला एक घाणेरडी शंका आली. बेर्ता नेनीकडची आलुबुखाराची दारू साऱ्या गल्लीत प्रसिद्ध आहे. सासूबाई झोपल्या असताना मी त्यांच्या तोंडाजवळ वाकले. दारूचा वास नव्हता. दुसराच कसला तरी होता, ओल्या दगडासारखा. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले.

"काय गं, जिवंत आहे का बघतेस?"

"उशी सरळ करत होते, आई."

"कर मग."

उशी सरळच होती. चव्वेचाळीस वर्षांची, रसायनशास्त्र शिकलेली बाई झोपलेल्या सासूचा वास घेत फिरते.

१ जुलै, सोमवार

एकोणतीस.

साडेतीनला रजई मोजली तर दुपारी एकच्या आधी होती त्यापेक्षा पातळ. दोन तासांच्या विश्रांतीनंतर ती जाड व्हायला हवी. ऊन चांगलं आहे, ओढ्याला पाणी आहे. मग जातं कुठे?

फाटकावर देनेश बाचीला विचारलं की विश्रांतीच्या वेळात कोणी शिरतं का. त्यांनी टोपी मागे सारली.

"मी इथे बसलेला असताना? माशीसुद्धा नाही शिरत."

"काही आवाज वगैरे?"

"तळं झोपलं की घोरतं जरा. म्हातारं झालंय."

"बाची, मी गंभीरपणे विचारतेय."

"मग मीही गंभीरपणेच सांगतोय, बाई. घोरतं."

४ जुलै, गुरुवार

आज सासूबाई काठी विसरल्या. स्वयंपाकघरात खुर्चीला टेकवून ठेवली होती, आणि त्या दोन्ही हातांत धुतलेल्या चादरी घेऊन जिना चढून वर गेलेल्या. मी घरी आले तेव्हा त्या वरच्या खोलीत पलंगाच्या चादरी घालत होत्या.

मला धडकीच भरली. ज्या माणसाला वर्षभर काठीशिवाय उभं राहता आलं नाही, ते माणूस काठी विसरतं म्हणजे काय? त्यांच्या आईचं असंच झालं होतं म्हणतात. आधी चव गेली, मग वस्तू विसरायला लागली, शेवटी माणसं.

"आई, काठी खाली राहिली."

"राहू दे. तिला जिना चढता येत नाही."

लोरांदला सांगावं का? तो ऑगस्टमध्ये मालकाला नोकरी सोडण्याचं सांगणार आहे. तिकडे छपरावर उभा राहून काम करतो. त्याला वर असताना दोन-दोन काळज्या कशाला द्यायच्या? की हे सगळं मी माझ्याच सोयीचं बोलतेय?

९ जुलै, मंगळवार

सासूबाईंना डॉक्टरकडे नेलं. रक्तदाबासाठी, असं सांगितलं. डॉक्टरने वार विचारला, शंभरातून सात सात वजा करायला लावले, घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. सासूबाईंनी घड्याळ काढलं आणि मग माझ्याकडे असं पाहिलं की मी भिंतीवरचा तक्ता वाचू लागले.

"सून मला वेडी ठरवतेय का?"

"काळजी करतेय," डॉक्टर म्हणाला.

"आमच्या घरात एकाच गोष्टीची दोन नावं आहेत मग."

त्या कपडे करत होत्या तेव्हा डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाला, डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय. रक्तदाबाची गोळी मात्र दुपारची चुकवायची नाही. कंबरेचं त्याला आश्चर्य वाटलं. "तळ्यात जातात का?"

मला हसू आलं. या गावची म्हातारी बाई तळ्यात? मूल व्हावं म्हणून, सांधे मोकळे व्हावेत म्हणून देशोदेशीच्या बायका आमच्या तळ्यात येतात. पण गावातली उतरली तर शेजारीण विचारते, घरी न्हाणी नाही का गं? मी स्वतः इतकी वर्षं होडीतून पाणी मोजते, गुडघ्यापलीकडे कधी भिजले नाही. मी सांगितलं, नाही, त्या जपाला जातात.

"जप चालू ठेवा," डॉक्टर म्हणाला.

तरी रात्री मनात आलं, डॉक्टर तरुण आहे. त्याच्या नजरेतून सुटलं असेल.

१५ जुलै, सोमवार

अठ्ठावीसच्या खाली गेलं. बेंकोंनी तारीख ठरवली. २६ तारखेला संत आन्नाचा सण, त्या दिवशी ते स्वतः होडीत बसणार आणि माझ्यासमोर मोजणार.

त्याआधी आज मी एक चूक केली. पलीकडच्या काठावरच्या हॉटेलाने ओढ्यावर पंप बसवलाय. तेच गोडं पाणी चोरतात, असं मी कचेरीत सगळ्यांदेखत बोलून गेले. जाऊन पाहिलं तर पंपाला मे महिन्यापासून सील आहे, आणि ते सील लावल्याच्या कागदावर माझीच सही. मी हॉटेलात जाऊन माफी मागितली. त्यांना मी काय बोलले होते तेच माहीत नव्हतं, त्यामुळे आधी आरोप सांगावा लागला आणि मग माफी.

१८ जुलै, गुरुवार

क्रमाने लिहिते.

सव्वा वाजता पिशवीत सासूबाईंची गोळी सापडली. सकाळी औषधाच्या दुकानातून घेतली होती आणि द्यायची राहिली होती. डॉक्टरने बजावलेलं आठवलं. बेर्ता नेनीच्या घरी गेले तर दाराला कुलूप. शेजारणीने पडद्याआडून सांगितलं, "जप? तो इथे कुठे असतो," आणि पडदा ओढला.

तळ्याच्या फाटकाशी देनेश बाची उभेच होते. एवढ्या उन्हाळ्यात त्यांना मी उभं असं पहिल्यांदाच पाहिलं.

"आत्ता नाही जाता येणार, बाई. विश्रांती चालू आहे. तुमचाच नियम."

"बाजूला व्हा, बाची."

"तुम्हीच लिहून लावलंय. कर्मचाऱ्यांनीसुद्धा आत जायचं नाही, असं."

"देनेश बाची, माझी सासू कुठे आहे?"

त्यांनी टोपी काढली आणि बाजूला झाले.

ओढा जिथे तळ्याला मिळतो तिथे लव्हाळ्यामागे लहानसा कोपरा आहे. तिथे पाण्यावर रुमाल बांधलेली डोकी होती. काळे रुमाल, फुलांचे रुमाल. त्या पाण्यात रात्रीचे झगे घालून उभ्या होत्या, म्हणजे उभ्या नव्हत्याच, तरंगत होत्या. आमच्या पाण्यात बुडायचं म्हटलं तरी बुडता येत नाही. हात वर धरलेले, हातांत जपमाळा, आणि तोंडाने जप. ठरलेल्या चालीत, सावकाश पुढे सरकत. जपाचं खोटं सांगितलेलं नव्हतं.

मी काय ओरडले ते आठवत नाही. पहिल्यांदा वळल्या त्या सासूबाईच.

"ओरडू नकोस. तळं झोपलंय."

"झोपलंय? तुम्ही त्याच्या अंगावरची रजई तुडवताय."

"आम्ही अकरा म्हाताऱ्या," बेर्ता नेनी म्हणाल्या. "तुझे ते दोनशे पाहुणे दिवसभर हातपाय झाडतात ते चालतं. आमचा भार झाला होय?"

"त्यांनी विस्कटलेलं सारखं व्हायला हे दोन तास आहेत, नेनी. आणि गोडं पाणी आत येतं ते इथूनच. तुम्ही नेमक्या दारातच उभ्या आहात."

हे मात्र त्यांना माहीत नव्हतं, ते चेहऱ्यांवर दिसलं. एकीने पायाखाली पाहिलं.

"मग उघड्या वेळात या ना. कोण अडवतंय?"

बेर्ता नेनी म्हणाल्या, "या मांड्या घेऊन? तिकडे पोरी दोन दोऱ्या बांधून फिरतात. आमच्याकडे बघून लोक आजारी पडतील, मग तुझ्या तळ्याचं नाव जाईल ते वेगळंच."

बाकीच्या हसल्या. सासूबाई नाही हसल्या. त्या पायऱ्यांवरून वर आल्या, काठीशिवाय. ओल्या कापडातून पाणी गळत होतं, भुवयांवर आणि ओठांवर मीठ पांढरं दिसत होतं.

"ऑक्टोबरात पोरगा येतोय," त्या म्हणाल्या. "वर पाहुणे आणि मी खाली खुर्चीत, असं मला नको होतं. मला तो जिना चढायचा होता. बस्स."

मी गोळी पुढे केली.

१९ जुलै, शुक्रवार

काल नुसतं घडलं ते लिहिलं. आज विचार लिहिते.

पहिलं: त्यांना वेड लागलेलं नाही, व्यसन नाही, विसरभोळेपणा नाही. महिनाभर बाई बरी होत होती आणि मी तिच्या बरं होण्याची एकेक खूण आजाराची म्हणून टिपत होते. ही वही पुरावा आहे.

दुसरं: रजई त्यांच्यामुळेच पातळ झाली का? मला माहीत नाही. कोपरा नाजूक आहे, वेळ वाईट होती. पण अकरा जणी? या वर्षी मे महिना ढगाळ गेला, तेही आहेच. मी कोणालाही शपथेवर सांगू शकत नाही.

तिसरं: विश्रांती इतकी काटेकोर पाळली की त्या दोन तासांत तळ्याकडे एकदाही पाहिलं नाही. नियम मी पाळला. तळं सांभाळलं नाही.

बेंकोंना सांगायचं का? सांगितलं तर देनेश बाचीची नोकरी जाईल, कदाचित माझीही. नाही सांगितलं तर तळं निसर्गानेच बिघडलं असं ठरून बंद होईल आणि कोणाचाच दोष राहणार नाही. हे दुसरं किती सोपं आहे, याचीच भीती वाटते.

२३ जुलै, मंगळवार

सासूबाई घरीच आहेत. बोलणं कामापुरतं. आज काठी घेऊन स्वयंपाकघरात आल्या. जिन्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसल्या.

"वाढतंय का?" एवढंच विचारलं.

"थोडंसं. पण ऊनही कडक आहे, आई. नक्की सांगता येत नाही."

"तुला कधी काय नक्की सांगता येतं का?"

नाही. हे मात्र नक्की.

२६ जुलै, शुक्रवार

बेंकोंना होडी लागते. चेहरा हिरवा झाला होता. काठीला थर्मामीटर बांधून मी खाली सोडला, वाचायला त्यांनाच दिला. सत्तावीस पॉइंट तीन.

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला. सण पार पडला, एवढंच त्यांना हवं होतं. मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. होडी मध्यावर असतानाच मी सांगितलं. कोण, कुठे, कधीपासून. माझी सासू आहे हे आधी सांगितलं, नाहीतर नंतर सांगायला धीर झाला नसता.

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "माझी आजी असती तर तीही गेली असती." लगेच साहेबी आवाजात, "फाटकावर दुसरा माणूस लावा."

"देनेश बाची राहू द्या. विश्रांतीच्या वेळात मी काठावर बसेन."

"म्हणजे आता तळं सुधारणार?"

"मला माहीत नाही."

"किंगाबाई, तुम्ही एकदा तरी हो म्हणा हो."

वीस ऑगस्टपर्यंत मुदत दिली. त्या दिवशी अठ्ठावीसच्या वर हवं. नाहीतर बंद.

संध्याकाळी लोरांदला सगळं सांगितलं, जूनपासूनचं. तो म्हणाला, "आई चादरी घेऊन वर गेली? एकटी?"

बाकीचं त्याने ऐकलं की नाही कोण जाणे.

२ ऑगस्ट, शुक्रवार

सत्तावीस पॉइंट सहा. सासूबाईंना रात्री कंबर झोपू देत नाही, पलीकडच्या खोलीतून पलंग वाजतो. तळ्याची ऊब मी परत मिळवतेय ती त्यांच्या हाडांतून काढून, असं वाटतं. सकाळी म्हणाले, "आई, अकरा वाजता या. उघड्या वेळात. मी सोबत असेन."

"तू कुठे असशील?"

"काठावर."

"काठावर उभं राहायला पुष्कळ जण आहेत," त्या म्हणाल्या आणि बटाटे सोलायला घेतले.

५ ऑगस्ट, सोमवार

आल्या. अकराच्या अकरा, मोठ्या फाटकातून, तिकीट दाखवून. देनेश बाचीने स्वतःच्या बायकोचंही तिकीट फाडलं आणि "सावकाश पोहा" असं म्हटलं, त्यावर बेर्ता नेनी जे बोलल्या ते इथे लिहीत नाही.

लाकडी फळ्यांवर येऊन मात्र सगळ्या थांबल्या. वरून अंगरखे, खाली तेच रात्रीचे झगे. तळं पाहुण्यांनी भरलेलं. लोक बघू लागले. एका मुलीने फोन वर धरला. कोणी पुढे होईना, कोणी मागे फिरेना. सासूबाई काठीवर दोन्ही हात ठेवून माझ्याकडे बघत होत्या. मी गणवेशात होते, हातात थर्मामीटर.

मी थर्मामीटर फळीवर ठेवला. बूट काढले. गणवेशाचा सदरा काढला, घागरा काढला. आत लांब पांढरा परकर होता आणि जुनी बंडी, तिला काखेत ठिगळ. मनात एकच, हे ठिगळ सगळ्या गावाला दिसणार. पायऱ्या उतरले. वर गार होतं, मी अंग चोरलं. आणखी एक पायरी, आणि पोटऱ्यांना खालून ऊब लागली. चौदा वर्षं मी ती लिहीत आले होते.

पुढच्या पायरीवर पाय सुटले. मी घाबरून हात मारायला लागले.

"झाडू नकोस," मागून सासूबाई म्हणाल्या. त्या पाण्यात आल्या होत्या. त्यांचा हात माझ्या पाठीखाली होता. "काही करायचं नसतं इथे. तुला तेच तर जमत नाही."

मागोमाग बाकीच्या आल्या. फोन धरलेल्या मुलीकडे बघून बेर्ता नेनी म्हणाल्या, "नीट काढ गं, सुरकुत्या सगळ्या येऊ देत." मुलीने फोन खाली केला. नंतर तीच त्यांना हात द्यायला आली.

एकची घंटा झाली. रोज पाहुणे दहा-दहा मिनिटं रेंगाळतात. आज सासूबाई पहिल्या बाहेर आल्या, काठावर उभ्या राहिल्या आणि काठीने फळीवर ठोकलं.

"चला, बाहेर. सगळे. त्याला झोपू द्या."

एक लठ्ठ गृहस्थ पाठीवर तरंगत म्हणाले, "दोनच मिनिटं, नेनी."

"मी महिनाभर तेच म्हणत होते," सासूबाई म्हणाल्या. "बाहेर ये."

ते आले. सगळेच आले. बेर्ता नेनी पलीकडच्या टोकाकडून मेंढरं हाकावीत तशी माणसं आणत होत्या. इतक्या लवकर रिकामं झालेलं तळं मी पाहिलेलं नाही. मग आम्ही अंगरख्यांत, ओल्या केसांनी दोन तास काठावर बसलो आणि त्याच्याकडे बघत राहिलो. कोणी जप म्हटला नाही.

संध्याकाळी सत्तावीस पॉइंट आठ. याचा अर्थ काय लावायचा? पंधरा दिवस आहेत. ऊन राहिलं तर, वारा नसला तर. दुसरं म्हणजे मी आज कामाच्या वेळेत परकरावर पाण्यात होते. ते बेंकोंना लेखी कळवावं लागेल.

लोरांदचा फोन आला. पाण्याचं तापमान सांगायला लागले तर म्हणाला, ते असू दे, दोनच गोष्टी सांग. आईच्या पावलाचं माप काय? तळ्यात घालायला रबरी जोडे तिकडे चांगले मिळतात. आणि वरच्या खोलीचं दार पावसात अजून अडकतं का? रंधा चांगला घ्यावा म्हणतो.

माप सांगितलं, सदतीस. दाराचंही सांगितलं. पण पार्सल यायला तीन आठवडे लागतात, तोवर हंगाम संपत येईल. उद्या फोन करून सांगायला हवं, उगाच पाठवू नकोस म्हणून.